गाडीचं भाडं

स्कॉटलंडच्या दक्षिणेला ट्वीड नदीचं खोरं आहे. त्या खोऱ्यातल्या एका गावात एक म्हातारा सायकल-कारागीर राहत होता. गावाजवळच ग्लेनट्रेसचं जंगल. डोंगरात सायकल चालवायला तिथं दुरून दुरून माणसं येत. सकाळी ती हसत जंगलात शिरत आणि संध्याकाळी वाकलेली चाकं घेऊन म्हाताऱ्याच्या दुकानापुढे उभी राहत. म्हाताऱ्याचं बरं चाललं होतं.

त्याच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. पोराचा हात चांगला होता. चाकाचा आउट काढावा तर त्यानेच. पण त्याला एक खोड होती. जे करायचं ते काठोकाठ. टायरमध्ये हवा भरायला बसला की अंगठा रुतेनासा झाल्याशिवाय पंप सोडायचा नाही. म्हातारा मागून यायचा, टायर चाचपायचा, व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडून द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचा. बोलायचा काही नाही. पोराला वाटायचं, म्हाताऱ्याची सवयच आहे ती.

एका हिवाळ्यात पोरगा म्हणाला, “मालक, येत्या मे महिन्यात मला चौदा दिवस सुट्टी हवी. आणि तुमची गाडी हवी.”

म्हाताऱ्याकडे एक जुनी व्हॅन होती. तिच्यात दोन सायकली मावत आणि वर सामानाला जागा उरे.

“जायचंय कुठं?”

“सगळीकडे.”

“सगळीकडे म्हणजे कुठं ते कागदावर लिहून आण,” म्हातारा म्हणाला. “गाडीचं मग बघू.”

पोराने भिंतीवर नकाशा लावला. पट्टी घेतली, पेन्सिल घेतली. आठ दिवसांनी कागद घेऊन आला. चौदा दिवसांचे चौदा चौकोन होते आणि एकही रिकामा नव्हता. आधी नैर्ऋत्येला डलबीटी, तिथल्या ग्रॅनाइटच्या उघड्या कातळांसाठी. मग वर फोर्ट विल्यम. तिथं बेन नेव्हिसच्या शेजारच्या डोंगरावर रोपवे आहे. तो माणसाला सायकलीसकट वर नेऊन सोडतो. खाली यायची जी अवघड वाट आहे, तिच्यावर 2002 साली पहिल्यांदा जागतिक करंडकाची शर्यत झाली. त्यानंतर स्काय बेट. मग टॉरिडन. मग पार पूर्वेच्या किनाऱ्यावर गोल्स्पी, जिथली वाट डोंगरमाथ्यावरून सुटते ती समुद्राजवळ येऊन थांबते. येताना लॅगन, केर्नगॉर्मच्या पायथ्याचं पाइनचं जंगल, आणि घर.

म्हाताऱ्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, “स्कायच्या स्लिगाखनपासून टॉरिडन किती लांब धरलंस?”

“तीस मैल. पट्टीने मोजलंय.”

म्हाताऱ्याने भंगाराच्या डब्यातून ब्रेकची जुनी केबल काढली. नकाशा टेबलावर पसरला आणि केबल रस्त्यावरून वळणावळणाने टाकत गेला. त्या किनाऱ्याला समुद्र जागोजागी जमिनीत घुसला आहे. रस्त्याला दर वेळी वळसा घालून पुढे जावं लागतं. टॉरिडनपाशी पोचल्यावर त्याने केबल चिमटीत धरली, सरळ केली आणि पट्टीवर ठेवली. ती साठाच्या पुढे गेली.

“आणि शेवटी शेवटी रस्ता एकाच गाडीपुरता आहे,” म्हातारा म्हणाला. “समोरून कुणी आलं की बाजूला काढलेल्या जागेत थांबायचं. मागचा घाईत असेल तर त्याच्यासाठीही थांबायचं. मेंढी रस्त्यात बसली असेल तर ती उठेपर्यंत थांबायचं. तासाला किती मैल होतील ते आता तू मला सांग.”

पोरगा केबल घेऊन घरी गेला. पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला. मैल बरोबर होते, तासही बरोबर होते. चौकोन मात्र चौदाच्या चौदा भरलेले.

म्हातारा म्हणाला, “यात पाऊस कुठं लिहिलायस?”

पोरगा हसला. “पाऊस काय, आपल्याकडे सगळीकडेच असतो.”

“सगळीकडे सारखा नसतो.”

म्हाताऱ्याचं खरं होतं. अटलांटिकवरून येणारे ढग आधी पश्चिमेच्या डोंगरांना धडकतात आणि तिथंच बरेचसे रिते होतात. पूर्वेकडे पोचतं ते उरलंसुरलं. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळावं आणि पलीकडे देशावरच्या शेतकऱ्याने आभाळाकडे बघत बसावं, तोच हा प्रकार. त्यामुळे स्कायमध्ये घराबाहेर पडवत नाही अशा दिवशी गोल्स्पीला खुशाल सायकल हाणता येते.

“पण त्यासाठी इकडचा दिवस तिकडे सरकवता आला पाहिजे,” म्हातारा म्हणाला. “तुझ्या कागदात सरकायला जागाच नाही. मे महिना धरलास ते मात्र चांगलं केलंस. पश्चिमेला त्यातल्या त्यात कोरडे दिवस वसंतातच मिळतात. शिवाय मिजेस अजून पुरत्या उठलेल्या नसतात.”

मिजेस म्हणजे तिकडची चिलटं. टाचणीच्या टोकाएवढी, पण उन्हाळ्यात वारा पडला की दमट संध्याकाळी हजारोंनी अंगावर येतात आणि चावून माणसाला वेडा करतात. वाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. म्हणून तिकडचा माणूस तंबू ठोकण्याआधी वारा कुठून येतो ते बघतो.

तिसरा कागद आला तोवर म्हाताऱ्याच्या भाचीला या बेताची कुणकुण लागली होती. ती शहरात राहायची आणि सायकल चालवायला लागून तिला एकच वर्ष झालं होतं. ती म्हणाली, “पेट्रोलचा अर्धा खर्च माझा. मला बाकी काही नको, स्काय तेवढं दाखवा. स्लिगाखनच्या दगडी पुलावरून पुढे डोंगरांमधून जी वाट जाते, तिच्यावरून मला जायचंय.”

पोरगा म्हणाला, “स्काय कागदात आहेच.”

म्हाताऱ्याने कागद हातात घेतला. तिकडे डोंगरातल्या वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, निळी जरा चढ-उताराची, तांबडी कठीण आणि काळी सर्वांत अवघड. पोराच्या कागदावर तांबड्या आणि काळ्याच होत्या.

“ही काळ्या वाटेवरून उतरेल?”

“शिकेल की.”

“चौदा दिवसांत?”

पोराने खोडरबर घेतलं आणि चार-पाच ठिकाणी निळी लिहिलं. म्हाताऱ्याने मान डोलावली.

“कागद आता बरा झालाय,” तो म्हणाला. “गाडीच्या भाड्याचं बोलू.”

पोराचा हात खिशाकडे गेला.

“पैसे नकोत. तुझ्या चौदा दिवसांतले चार मला दे.” म्हाताऱ्याने पेन्सिल उचलली आणि चार चौकोन काळे करून टाकले. चौथा, सातवा, दहावा आणि तेरावा. “हे माझे. यांच्यावर काही लिहायचं नाही.”

“मग त्या दिवशी आम्ही करायचं काय?”

“ते मला काय विचारतोस? तुझ्यावर अडचण आली तर माझ्याकडून दिवस उसना घे. माझ्या खुणेचाच घ्यायला हवा असं नाही, बदलून घेतलास तरी चालेल. पण परत आलास की हिशोब द्यायचा. कुठला दिवस कशापायी घेतलास ते सांगायचं, आणि उरतील ते परत आणायचे.”

असलं भाडं पोराने कधी ऐकलं नव्हतं. पण गावात दुसरं कुणी त्याला गाडी देणार नव्हतं. तो “बरं” म्हणाला. माणूस मोठ्यांशी वाद घालत नाही, तेव्हा त्याला पटलेलंच असतं असं नाही. त्या रात्री पोराने घरी बसून आणखी एक कागद केला. त्यात चौदाही चौकोन पुन्हा भरले. म्हाताऱ्याचा कागद गाडीच्या खणात ठेवला आणि आपला कोटाच्या आतल्या खिशात. मग खिशातल्या कागदाप्रमाणे रोपवेची तिकिटं काढली आणि मुक्कामांचे पैसे भरून टाकले.

मेच्या मध्याला दोघं निघाले. मागे सायकली, वर तंबू, पुढे खाण्याचं सामान. पहिले तीन दिवस कागदाबरहुकूम गेले. डलबीटीच्या कातळावरून पोरगा सायकलवर बसून उतरला आणि भाची सायकल हातात धरून उतरली. दोघंही खाली आले. तिसऱ्या संध्याकाळी ग्लेन्कोच्या खिंडीतून ते फोर्ट विल्यमला पोचले.

चौथ्या दिवशी सकाळी वारा सुटला. रोपवेच्या खिडकीवर पाटी लागली होती : जोराच्या वाऱ्यामुळे बंद. पोरगा खिडकीपाशी उभा राहिला. दर तासाला जाऊन विचारून आला. दुपारी वारा वाढला, संध्याकाळी आणखी वाढला. पाळणे तारेवर एका जागी झुलत राहिले.

भाची म्हणाली, “आज चौथा. मामाचा दिवस आहे हा. उसना घेऊन टाक.”

पोरगा काही बोलला नाही. खिशातल्या कागदावर चौथा दिवस रोपवेचा होता आणि पाचवा स्कायचा.

पाचव्या दिवशी दुपारी दोन वाजता रोपवे सुरू झाला. पोरगा तीनदा वर गेला आणि तीनदा खाली आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिखलाने माखला होता आणि खूश होता. मग त्याने खिशातला कागद काढला, पेन्सिलीने एक चौकोन खोडला आणि म्हणाला, “चल, टॉरिडनला. तिथं उद्याच्या वाटेला सकाळी लवकर लागायला हवं.”

“आणि स्काय?”

“स्काय आता बसत नाही.”

भाचीने खोडलेल्या चौकोनाकडे पाहिलं. गाडीत बसली आणि वाटेत एक शब्द बोलली नाही.

उत्तरेत त्या दिवसांत संध्याकाळ लांबते, दहा वाजेपर्यंत उजेड असतो. त्या उजेडाच्या भरवशावर पोराने गाडी पिटाळली. पण ढग खाली आले, पाऊस लागला आणि मध्यरात्रीनंतर एकेरी रस्ता सुरू झाला तेव्हा दिव्यांपुढचं दहा हातांपलीकडे दिसेना. एका वळणावर लाल हरणांचा कळप रस्त्यात उभा होता. पोराने चाक डावीकडे फिरवलं. हरणं वाचली. गाडीचं पुढचं डावं चाक रस्त्याकडेच्या दलदलीत रुतलं आणि तिकडचा दिवा दगडावर आपटून फुटला.

दोघांनी ढकलून पाहिलं. गाडी आणखी रुतली. मग गाडीतच अंग चोरून ती बसून राहिली.

सकाळी एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. थोडकी जमीन आणि पुष्कळ मेंढरं बाळगणारे असे शेतकरी त्या भागात आहेत. त्याने साखळी लावली आणि गाडी बाहेर ओढली. पोराने पैसे पुढे केले.

“पैशाने माझं फाटक लागणार आहे का?” शेतकरी म्हणाला. “बिजागरी तुटलीय. रात्रभर कोकरं बाहेर पळताहेत. हात चालत असतील तर ते बसवून दे.”

त्या देशात 2003 साली एक कायदा झाला. त्याप्रमाणे बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर कुणालाही चालायचा आणि सायकल चालवायचा हक्क आहे. अट एवढीच की जबाबदारीने वागायचं. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद करून जायचं. शेतकऱ्याच्या फाटकाची बिजागरी कुणी नीट न वागणाऱ्याने तोडली की गंजून तुटली, हे कळायला मार्ग नव्हता. पोराने हत्यारं काढली आणि ते बसवलं.

ते होतं न होतं तोच शेतकऱ्याने आपल्या नातवाची सायकल आणली. चेन गंजून गेली होती. ती सुटी करून, तेल देऊन चढवली, तोवर शेजारीण तिची सायकल घेऊन आली. टपालाची गाडी आली, तिच्याबरोबर बातमी पुढे गेली. जवळपास सायकल दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत फाटकापाशी रांग लागली. शेवटची सायकल रात्री आठला हातावेगळी झाली. सहावा दिवस असा संपला.

शेतकऱ्याने दोघांना जेवू घातलं. “कुठल्या वाटेने जाणार?” त्याने विचारलं. पोराने खिशातला कागद दाखवला. शेतकऱ्याने तो वाचला आणि परत दिला. “फार काम आहे तुम्हाला,” तो म्हणाला.

सातव्या दिवशी दोघं टॉरिडनच्या डोंगरात गेले. अख्नाशेलाखकडून चढ चढून खिंड ओलांडली की पलीकडे अन्नाटकडे उतार लागतो. तिथला तांबडा वालुकाश्म शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा आहे, आणि वाट त्याच्या रुंद फरश्यांवरून जाते. पावसाने त्या सगळ्या ओल्या होत्या. उताराच्या तोंडाशी पोरगा थांबला. खाली वाकून टायर चाचपलं आणि व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडली. मागच्या चाकाचीही सोडली. मग भाचीच्या सायकलीची.

“हवा का काढतोस?” तिने विचारलं.

“कडक टायर दगडावर उडतं. एवढंसं टेकतं आणि घसरतं. जरा मऊ असलं की दगडाच्या अंगाला बसतं, धरून राहतं.”

“मग सगळीच काढ की.”

“सगळी काढली तर रिम दगडावर आपटते. चाक जातं.”

भाची हेल्मेटचा पट्टा आवळत होती. ती म्हणाली, “टायरचं कळतं तुला. कागदाचं नाही कळत.”

ती पुढे निघाली. पोरगा तिथंच उभा राहिला. उभ्या उभ्या त्याला दुकान आठवलं, आणि इतकी वर्षं आपल्यामागे येऊन हवा सोडणारा अंगठा आठवला. मग तोही निघाला. ओल्या दगडावर चाक कुठंही घसरलं नाही. भाची तीन ठिकाणी उतरून चालली, बाकी सगळी वाट तिने सायकलवरून केली.

खाली आल्यावर पोराने गाडीच्या खणातून म्हाताऱ्याचा कागद काढला. दोन्ही कागद मांडीवर ठेवले. “दोन दिवस तुझ्या मामाचे खाऊन झालेत,” तो म्हणाला. “एक वाऱ्याने खाल्ला, एक खड्ड्याने. दोन शिल्लक आहेत. गोल्स्पी दोन दिवस पुढे ढकलू. उद्या स्काय.”

भाचीने नकाशा उलगडला, केबल घेतली आणि मैल मोजायला बसली.

आठव्या दिवशी दुपारी ते स्लिगाखनला पोचले. दगडी पूल चित्रातल्यासारखाच होता. पलीकडे एका हाताला तांबडे कुलिन डोंगर, एका हाताला काळे कुलिन डोंगर, आणि दोहोंच्या मधून कॅमासुनरीच्या किनाऱ्याकडे जाणारी वाट. वाट म्हणजे नुसते धोंडे. कधी सायकलवर माणूस, कधी माणसाच्या खांद्यावर सायकल. संध्याकाळी किनाऱ्यावरच्या बॉथीत पोचले. बॉथी म्हणजे रानातली मोकळी झोपडी. तिला कुलूप नसतं, राहायचे पैसे नसतात. स्वयंसेवकांची एक संस्था 1965 पासून अशा झोपड्या राखत आली आहे. ज्याने राहावं त्याने झाडून जावं, एवढाच रिवाज.

रात्री पाऊस आला. छपरावर असा वाजला की बोलणं ऐकू येईना.

सकाळी पाऊस थांबला होता. दोघं परत निघाले. तासाभराने एक ओढा आडवा आला. काल त्याच्या पाण्याने घोटाही नीट भिजला नव्हता. आज पाणी मांडीपर्यंत होतं, तपकिरी, आणि तळाचे धोंडे गडगडत असल्याचा आवाज येत होता. पलीकडचा काठ दहा पावलांवर होता.

खिशातल्या कागदाप्रमाणे त्या रात्री त्यांनी पार पूर्व किनाऱ्यावर असायला हवं होतं. तिथल्या मुक्कामाचे पैसे भरलेले होते. पोराने एक दगड पाण्यात टाकला. तो पडला तिथं बुडाला नाही, वाहत जाऊन खाली बुडाला. पोराने भाचीकडे पाहिलं. ती बूट सोडायला लागली होती.

“बांध ते,” पोरगा म्हणाला. “आपल्याकडे दिवस आहे.”

दोघं बॉथीत परतले. नववा दिवस तिथंच गेला. पोराने दोन्ही सायकलींचे ब्रेक खोलून साफ केले. भाचीने झोपडी झाडली, मग झोपली, मग समुद्राकाठून वाहून आलेली लाकडं गोळा करून आणली. दुपारी एक वाटसरू आला. त्यालाही ओढ्याने परतवलं होतं. तिघांनी मिळून चहा केला. डोंगरातले ओढे जसे चढतात तसेच उतरतात. दहाव्या दिवशी सकाळी त्या ओढ्यातलं पाणी पुन्हा घोट्याखाली गेलं होतं. दोघं दगडांवरून पलीकडे गेले.

पुढचं झटपट झालं. पश्चिमेला पुन्हा ढग दाटत होते, म्हणून ते गाडी घेऊन सरळ पूर्वेला गेले. गोल्स्पीला ऊन होतं. डोंगरावरच्या उंच पुतळ्यापासून पोरगा काळ्या वाटेने निघाला, भाची दुसऱ्या सोप्या वाटेने निघाली, आणि खाली समुद्राजवळ दोघं भेटले. लॅगनचा एक दिवस झाला. केर्नगॉर्मचं जंगल राहिलं. भाचीचे पाय भरून आले होते आणि पोराच्या पुढच्या चाकाची बेअरिंग वाजत होती. तेराव्या दिवशी संध्याकाळी गाडी म्हाताऱ्याच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. एकच दिवा लागत होता.

म्हातारा बाहेर आला. फुटका दिवा पाहिला, पोचा आलेला पत्रा पाहिला. आत जाऊन स्टुलावर बसला. “हिशोब?” म्हणाला.

पोराने दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

“हा दुसरा कुठला?”

“माझा. तुमच्यापासून लपवून केलेला.”

म्हातारा काही बोलला नाही. पोराने हिशोब सांगितला. “चौथा दिवस वाऱ्यापायी गेला. पण तेव्हा तो तुमचा आहे असं मी मानलं नव्हतं, म्हणून पाचव्याच्या रात्री गाडी पळवली आणि सहावा खड्ड्यापायी गेला. नववा ओढ्यापायी घेतला. तो मागून घेतला. एकूण तीन. चौथा परत आणलाय. आज तेरावा, उद्याचा चौदावा तुमचा.”

“तिन्हीत कुठला कामाला आला?”

पोराने विचार केला. “नववा. तो हाताशी नसता तर आम्ही पाण्यात उतरलो असतो.”

म्हाताऱ्याने खिशातला तो भरगच्च कागद उचलला आणि बोटांवरचं ग्रीस त्याला पुसलं. काळ्या चौकोनांचा कागद घडी करून पोराला परत दिला.

“पोरा, ज्या दिवसावर काही लिहिलेलं नसतं, त्याच्याच जिवावर लिहिलेले दिवस पार पडतात,” तो म्हणाला. “दिव्याचे पैसे तुझ्या पगारातून. परत आणलेला दिवस तूच ठेव. उद्या दुकानात येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी पोरगा तरीही आला. म्हणाला, दिवा बदलायला अर्धा तास लागेल, तेवढं करून जातो. पहिलाच स्क्रू गंजलेला निघाला आणि डोकं तुटून हातात आलं. तो भोक पाडून काढावा लागला. मग पोचा सरळ केल्याशिवाय नवा दिवा बसेना. दिवा लागला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. म्हाताऱ्याने दुकानाला कुलूप लावलं आणि दोघं जेवायला गेले.